सायकलीमागची मेंढरं

करिश्माची शिफ्ट बदलली आणि माझ्या सहलीवर पाणी पडलं. आम्ही दोघी रांजणगावला एकाच कंपनीत, क्वालिटीत. दिवाळीनंतर रजा काढायची, सायकलवर जुन्नरकडं जायचं, किल्ले चढायचे, द्राक्षाच्या बागांतून हिंडायचं, घाटाकडच्या जंगलात एखादा दिवस काढायचा, असं आमचं उन्हाळ्यापासून चाललं होतं. ऐनवेळी रजा मिळाली ती मला एकटीला. आमच्या गावी, राहूला, घरी येऊन मी भांडी आपटत होते. आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मग ह्यांला ने की."

ह्यांला म्हणजे आमच्या आण्णांना, माझ्या वडलांना. मला हसू आलं, पण आई हसत नव्हती.

आण्णा बाहेर ओट्यावर बसले होते. गेलं वर्षभर ते तिथंच बसलेत म्हटलं तरी चालेल. आम्ही धनगर. आता आमचा दोन एकर ऊस आहे, स्लॅबचं घर आहे, थोरला भाऊ पृथ्वीराजही कंपनीत लागलाय, पण आण्णांचं आयुष्य गेलं मेंढरांमागं. दिवाळी झाली की त्यांचा वाडा हलायचा. वाडा म्हणजे दगडाचिऱ्यांचा नव्हे. तीन-चार घरांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, बायका-पोरं, असा सगळा चालता संसार. शिरूर, जुन्नर करत घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या आत परतायचं. आण्णा त्या वाड्याचे कारभारी. गेल्या दिवाळीत त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले. मागं चालायला घरचं कोणी उरलं नव्हतं. आण्णांनीच ठरवलं आणि मलठणच्या मल्हार नावाच्या तरण्या गड्याला सगळा कळप विकून टाकला.

ठरवलं त्यांनी, पण तोंडानं ते कधी बोलले नाहीत. कोणी विचारलं, "सावळाराम, औंदा मेंढरं कुठं?" की आण्णा उठून चालायला लागायचे, आणि उत्तर आम्ही द्यायचं. मला असलं गप्प बसणं सोसत नाही. माणसानं रडावं, भांडावं, एखादी शिवी हासडावी. मूग गिळून बसलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

"आण्णा, येता का सायकलवर? किल्ले बघायला," मी जाऊन विचारलं.

"कुठं?"

"जुन्नरला."

त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग उठले आणि आपल्या काळ्या सायकलच्या चेनीला तेल घालायला लागले.

आम्ही निघालो तेव्हा आमच्या गल्लीला फुकटची करमणूक झाली. पुढं मी, हेल्मेट, हातमोजे, एकवीस गिअरची सायकल. मागं आण्णा, धोतराचा काचा मारलेला, डोक्याला तांबडा पटका, कॅरिअरला घोंगडी बांधलेली. भीमेचा पूल ओलांडून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागलो तोवर मी दर फर्लांगाला मागं वळून बघत होते. शिरूरच्या अलीकडं एका चढावर मला दम लागला आणि आण्णा शांतपणे पुढं निघून गेले.

"गुडघं दुखत न्हाईत व्हय?" मी वर पोचल्यावर विचारलं.

"चालताना दुखत्यात. हितं काय, बसून तर जायचं."

शिरूर मागं पडलं. कंपन्यांच्या बसा आणि उसाच्या ट्रॉल्या कमी झाल्या, माळ सुरू झाला. कार्तिकातलं ऊन, वाऱ्याला गारवा, ज्वारी गुडघ्याएवढी. त्या रात्री कवठ्याला देवळाच्या सभामंडपात झोपलो. आण्णा फार बोलले नाहीत, पण भाकरी दोन खाल्ल्या. घरी एक खायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका फाट्यावर मात्र ते अडून बसले. समोर सरळ सपाट रस्ता होता, मोबाइल तोच दाखवत होता. आण्णा थोडं थांबले, लांब माळाकडं बघितलं आणि सायकल डावीकडच्या चढाच्या रस्त्याला घातली.

"आण्णा, तो लांबचा हाय!"

"हिकडनं जाऊ," ते म्हणाले, आणि निघालेसुद्धा.

त्या चढानं माझा जीव काढला. मी सगळ्या वाटेवर बडबडत होते, पण ऐकायला मागं कोणी नव्हतं आणि पुढचा ऐकत नव्हता.

दुपार कलताना खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या अवाढव्य जाळीच्या तबकड्या दिसल्या, आभाळाकडं तोंड करून बसलेल्या, आणि त्यांच्या पलीकडं नारायणगड. लहानसाच गड, पण एकटा उभा असल्यानं उठून दिसतो. त्याच्या पायथ्याला द्राक्षाच्या बागा. छाटणी होऊन महिना उलटला होता. मांडवावर कोवळी लुसलुशीत पानं आणि त्यात बाजरीच्या दाण्याएवढे मणी धरलेले घड. मी फोटो काढायला उतरले. मान वर करते तो आण्णा डांबरी सोडून एका गाडीवाटेनं आत निघालेले.

वाटेच्या शेवटाला एक मोकळं रान होतं. जुनी बाग उपटून टाकलेली, लोखंडी अँगल एका कडेला रचून ठेवलेले. पलीकडं घर. आण्णांनी बांधावर सायकल उभी केली आणि हाक मारली, "ओ अक्काऽ! हाय का घरात?"

एक म्हातारी बाहेर आली. पंच्याहत्तरीची असेल, पाठीत वाकलेली, नऊवारीचा काचा घट्ट. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"सावळाराम! आरं, तुझीच वाट बघत हुते की मी."

ही तानुबाई. आण्णांची मेंढरं दर सालाला हिच्या रानात बसायची हे मला ऐकून ठाऊक होतं. मेंढरं रानात रात्रभर बसवली की त्यांचं लेंडीखत, मूत सगळं त्या मातीत जातं. त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो. कारभाऱ्याचं काम म्हणजे वाड्याच्या दोन-चार दिवस पुढं चालत जायचं आणि अशी रानं ठरवत जायचं. मेंढरं त्याच्या मागून येतात.

"गेल्या साली न्हाई आलास," तानुबाई म्हणाली. "दुसरा कोण आला हुता, म्या त्याला लावून दिला. म्हनलं, सावळारामाबिगर न्हाई बसवायची. ह्या रानात आता नवी बाग लावायची हाय. पोपट म्हनतोय कोंबडीखत टाकतो, उद्या ट्रक यायचा हुता. म्या म्हनलं, जरा दम धर, माझा मानूस येतोय. आज आलास बग. कवा बसवतोस?"

आता आण्णा उठून चालायला लागतील आणि उत्तर मला द्यावं लागेल, म्हणून मी तोंड उघडलं. "आजी, आमची मेंढरं..."

"पुनवंला," आण्णा म्हणाले.

मी तोंड उघडं ठेवूनच त्यांच्याकडं बघत राहिले. म्हातारी तोवर घरात जाऊन नारळ घेऊन आली होती. आण्णांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पटक्याच्या सोग्यात बांधला.

शाळेसाठी मी घरी आजीपाशी वाढले, वाड्याबरोबर फार कमी गेले, पण एवढं आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. कारभाऱ्यानं नारळ घेतला की शब्द झाला. कागद नाही, साक्षीदार नाही. मग वाटेत घोडं मरो, पोर जन्मो, त्या दिवशी मेंढरं त्या रानात बसली पाहिजेत. शब्द चुकवलेल्या कारभाऱ्याला त्या वाटेवर पुन्हा कोणी रान देत नाही.

तानुबाईचा मुलगा पोपटराव बागेतून औषधाचे हात पुसत आला. पन्नाशीचा, अंगानं भारी. त्यानं आईकडं बघितलं, नारळाकडं बघितलं आणि सुस्कारा टाकला.

"पुनवंपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "त्यापुढं आईचं ऐकणार न्हाई. रान तयार करायचं हाय मला." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मेंढरं कुठवर आली तुमची?"

आण्णा गडाकडं बघत होते.

"येत्यात मागनं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

डांबरीला लागेपर्यंत मी दात आवळून होते. लागल्यावर सायकल आडवी घातली.

"आण्णा, मागं काय हाय आपल्या? कुत्रं तरी हाय का?"

"न्हाई."

"मेंढरं विकली आपण. ध्यानात हाय न्हवं?" आण्णांना भ्रम झाला की काय, ही भीती तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आली.

"डोकं ठिकाणावर हाय माझं," आण्णा म्हणाले. "चल. ऊन हाय तवर गड बघून घी."

"नारळ परत देऊन येते मी."

"नारळ परत देत न्हाईत."

"मग घेतला कशाला?"

ह्यावर परत मूग. थोड्या वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ह्या दिसांत वाडं चालत्यात ह्या वाटंनं. कुणीतरी गावंल. कुणाचीबी बसली तरी शब्द ऱ्हातो."

लोक उंटावरून शेळ्या हाकतात. आमचे आण्णा सायकलवरून दुसऱ्याची मेंढरं हाकणार होते.

त्या दिवसापासून आमच्या सहलीचं रूपच बदललं. नारायणगावातून जुन्नरचा रस्ता धरला. दोन्ही बाजूंनी बागा, मांडवाखाली सावली, ठिबकच्या नळ्यांतून पाण्याची टिपटिप. समोर शिवनेरीचा कातळ मोठा होत येत होता. असा रस्ता मी उन्हाळ्यापासून स्वप्नात बघत होते. मी किल्ले बघत होते आणि आण्णा लेंड्या बघत होते. दर ओढ्याला उतरायचे, लेंडी उचलायची, बोटांत फोडायची, "दोन दिसांमागची," म्हणायचं आणि पुढं निघायचं. शिवनेरीवर मी एकटीच चढले. खाली आले तर आण्णा पायथ्याच्या चहावाल्याला कुठल्या वाटेनं किती कळप गेले ते विचारत होते. चहावाल्याला त्यातलं काही माहीत नव्हतं, पण त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत.

कळप सापडत होते, अगदीच नाही असं नाही. एक पारनेरकडच्यांचा, एक फलटणकडच्यांचा. कारभारी आण्णांना ओळखत होते. हातात हात घेऊन "रामराम मामा" करायचे, घोंगडीवर बसवायचे. पण सगळ्यांचं उत्तर एकच. पुढची रानं ठरलीत, नारळ घेतलेत. आणि नारायणगड तर मागं राहिला. चालता वाडा मागं फिरत नाही. आण्णा ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, वाद घालायचे नाहीत. त्यांनीही आयुष्यभर हेच उत्तर दिलं असणार.

एक गोष्ट मात्र मला नंतर जाणवली. ह्या सगळ्या गडबडीत आण्णा बोलायला लागले होते. कुठल्या झाडाखाली माझा भाऊ पहिल्यांदा उभा राहिला, कुठल्या ओढ्यात घोडी वाहून जाता जाता वाचली, सगळं सांगत होते. एका चढावर तर गाणं गुणगुणत होते. मला बरंही वाटत होतं आणि पुनव आठवली की धडकीही भरत होती.

दुसऱ्या दिवशी माणिकडोह धरणाच्या पाण्याच्या कडेनं हडसर किल्ल्याच्या पायथ्याला गेलो. इथून पुढं जंगल दाट होत जातं. रस्त्यावर सावली, करवंदीच्या जाळ्या, मधूनच पाण्याचा वास. तिथं एका मोकळ्या जागेत वाडा उतरला होता. पुरुष मेंढरांमागं रानात गेले होते. सविता नावाची एक बाई तीन दगडांवर कालवण शिजवत होती. तिनं आण्णांच्या पाया पडून आम्हाला पाणी दिलं आणि नारायणगडच्या रानाचं ऐकून घेतलं.

"पुढं गेलेलं कोण फिरनार मामा?" ती म्हणाली. "आन् तुमी हिकडं कशाला आला? मागनं मल्हार येतोय की. त्याचा वाडा बेल्ह्याच्या अंगाला रेंगाळलाय. मेंढ्या व्यायल्यात त्याच्या. तुमी कवठ्यावरनं आला न्हवं? तवा माळावर दिसला आसंल तुमाला."

आण्णा पाण्याचा तांब्या खाली ठेवून उठले. "चल तेजू, ऊन चढतंय."

मला सगळं कळायला तेवढा एक क्षण पुरला. तो फाटा. तो सपाट रस्ता. लांब माळाकडं बघून डावीकडं घातलेली सायकल. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वळसा घालणाऱ्याला कळसा काखेत असल्याचं पहिल्या दिवसापासून ठाऊक! जंगलातल्या चढाला लागल्यावर मी सायकल टाकून दिली आणि रस्त्याच्या कडेला बसले.

"मी न्हाई येत आता. तुमाला ठाव हुतं मल्हार मागं हाय."

आण्णा उतरले. सायकल झाडाला टेकवली.

"व्हय," ते म्हणाले.

"मग त्याला सोडून आपण सगळं जुन्नर धुंडतोय? का?"

मला वाटलं आता परत गप्प बसतील. ते माझ्याशेजारी येऊन बसले. गुडघे वाकवताना चेहरा आकसला.

"त्या दिशी माळावर लांब दिसली," ते म्हणाले. "चालीवरनं वळखली. आपलीच. जवळ गेलो असतो तर मला फुडं जाता आलं नसतं तेजू. तितंच बसलो असतो."

"आन् तानुबाईला का न्हाई सांगितलं?"

"ती वाट बघत हुती. कवा बसवतोस म्हनली. लई दिसांनी कुणी इचारलं आसं. तोंडातनं पुनवंला निघून गेलं. म्या ठरवून न्हाई बोललो." त्यांनी सोग्यातला नारळ चाचपला. "पर नारळ ठरवून घेतला."

माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. वर्षभर मी ह्या माणसावर चिडत होते आणि हा माणूस वर्षभर कोणीतरी "कवा बसवतोस" म्हणून विचारावं, एवढ्याचीच वाट बघत होता. मला रडू आलं आणि ते लपवायला मी हेल्मेट घातलं.

"उठा," मी म्हणाले. "मल्हारकडं जायचं."

"जंगल बघायचं हुतं न्हवं तुला?"

"हे काय, बघितलं की!"

आम्ही मागं फिरलो. उतार होता, गार वारं तोंडावर येत होतं, हडसरचा कडा पाठीशी होता. जुन्नरला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघून हायवे ओलांडून बेल्ह्याच्या माळावर गेलो. मेंढरं दिसायच्या आधी ऐकू आली. आण्णांनी पॅडल मारणं थांबवलं, पण ब्रेक मात्र लावला नाही. सायकल हळूहळू आपसूक जाऊन थांबली.

मल्हार पंचविशीचा असेल. जीन्स, डोक्याला पटका, कानात मोबाइलची वायर. आण्णांना बघून त्यानं वायर काढली आणि पाया पडला. त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली. विकलेला माल बघायला जुना मालक आला की नव्याला वाटतेच ती.

"मामा, दोन दगावली वाटंत," तो आधीच म्हणाला. "बिबट्यानं एक नेली. बाकी समदी हायत."

"बिबट्या माझीबी न्यायचा," आण्णा म्हणाले. "मी त्यासाठनं न्हाई आलो."

मग त्यांनी नारळाचं सांगितलं. खाली मातीकडं बघत, थोडक्यात. मल्हारनं ऐकलं आणि हसायलाच लागला. मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

"मामा, हसू नको तर काय करू? मी हितं का रेंगाळलोय? मेंढ्या व्यायल्यात हे खरं. पर फुडं रानच न्हाई ठरलेलं. नवा कारभारी मी. गेल्या सालापासनं बांधाबांधानं हिंडतोय, समदी म्हनत्यात, सावळाराम कुठं हाय? त्याला धाड. त्या तानुबाईनं तर मला बांधावरनंच लावून दिला." तो हसायचा थांबला. "तुमच्या नारळावर माझी मेंढरं बसली तर मला बी एक रान व्हईल."

आण्णांनी त्याच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. "पुनवंला पोचतील का?"

"उद्या न्हवं? आज दुपारी हाललो तर पोचत्यात. कोकरं घोड्यावर टाकतो."

आणि मेंढरं हलली. मी सायकल हातात धरून मागं चालत होते, धुळीत, कुत्र्यांच्या शिव्या खात. आण्णा कळपाच्या बाजूनं सायकल ढकलत चालले. गुडघे दुखत असणार, पण सायकलवर बसायचं नाव नाही. वाटेत एका वळणावर मेंढरं भलत्या शेताकडं फुटली. आण्णांनी सवयीनं जीभ टाळूला लावून हाळी दिली, "हाऽऽ हिर्र!" दोन-तीन म्हाताऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या, आण्णांकडं बघितलं. तेवढ्यात पुढून मल्हारनं शीळ घातली आणि सगळा कळप, त्या म्हाताऱ्यांसकट, शिळेकडं वळला.

मी आण्णांकडं बघायचं टाळलं.

"लागली त्याच्या सवयीला," ते म्हणाले. "चांगलं झालं. न्हाई तर हाल झालं असतं त्यांचं."

पुनवेच्या दिवशी संध्याकाळी, ऊन अजून गडाच्या माथ्यावर असताना, मेंढरं तानुबाईच्या रानात शिरली. पोपटराव बांधावर हाताची घडी घालून उभा होता. मेंढरं येत राहिली तशी त्याची घडी सुटली आणि तो स्वतःच कोपऱ्यातले अँगल उचलून जागा मोकळी करायला लागला. मल्हारच्या माणसांनी मेंढरांभोवती जाळ्या लावल्या. रान भरलं. लोकरीचा आणि धुळीचा वास द्राक्षाच्या मांडवाखालपर्यंत गेला.

तानुबाई सुपात बाजरी घेऊन आली. धान्य कारभाऱ्याच्या पदरात घालायचं असतं. ती सरळ आण्णांसमोर येऊन उभी राहिली.

"धर सावळाराम. शब्दाचा पक्का गडी."

आण्णांनी सोगा पुढं केला नाही. मला वाटलं, घेतील. घेतली असती तरी कोणाचं काही बिघडलं नसतं. मल्हार काही बोलला नसता, मी तर नाहीच नाही. रात्रभर मेंढरं बसली असती, सकाळी निघून गेली असती आणि तानुबाईच्या लेखी आण्णा आहेत तसेच राहिले असते. मी मनातून देवाला म्हणत होते, घेऊ दे, एकदा घेऊ दे.

"अक्का," आण्णा म्हणाले, "बाजरी ह्याला घाला. मल्हार हाय ह्याचं नाव. मेंढरं ह्याची हायत. म्या विकली. गेल्या दिवाळीला."

शब्द पुरे आले. वर्षभरात पहिल्यांदा मी ते त्यांच्या तोंडून ऐकलं. मल्हार चुळबुळ करायला लागला. पोपटरावानं आईकडं बघितलं.

तानुबाईनं मेंढरांवरून नजर फिरवली, मग आण्णांवरून, त्यांच्या सायकलवरून. मग वळली आणि सगळी बाजरी मल्हारच्या पटक्याच्या सोग्यात ओतली. "फुडल्या सालाला तूच ये," ती त्याला म्हणाली. "माझ्या म्हातारीचा काय भरवसा न्हाई, पर पोपट ओळखंल तुला आता."

रिकामं सूप काखेत मारून ती आण्णांकडं परत आली.

"आन् तू रं? तू मेंढरामागं न्हाईस म्हनल्यावर हितं बांधावर काय करतोस? पावना हायस तू. घरात चल, पोरीला घिऊन."

आण्णा गडबडले. "मी... घरात कशाला अक्का?"

"का? काटं हायत घरात?"

"तसं न्हवं. एवढी वरसं आलो, पर घर आतनं बघितलं न्हाई कवा." हे त्यांनी मला सांगितल्यासारखं सांगितलं. "मेंढरं रानात आन् मानूस घरात, आसं जमत न्हाई."

"आता जमतंय की," तानुबाई म्हणाली आणि चालायला लागली.

आण्णांनी दारात पाय धुतले, दोनदा धुतले. पटका सारखा केला. आत ट्यूबलाइट होती, भिंतीवर देवांचे फोटो, एका कोपऱ्यात औषध फवारायचे पंप. पोपटरावाच्या बायकोनं पाट मांडले. आण्णा पाटावर बसले ते अगदी कडेला, एका हातानं जमीन धरून, कोणत्याही घटकेला उठायचं असल्यासारखे. समोर ताट आलं. पुरणाची पोळी होती, पुनवेची.

पहिला घास घेतला आणि बाहेर कुत्री भुंकायला लागली. साधं भुंकणं नव्हे. गडाकडच्या बाजूनं, चढ्या आवाजात, सगळी एकदम. ह्या भागात त्याचा अर्थ एकच, बिबट्या. आण्णांच्या हातातला घास ताटात पडला. ते उठले, दोन्ही पायांवर, गुडघ्यांची आठवणही न ठेवता. काठी शोधायला त्यांचा हात भिंतीकडं गेला. तिथं काठी नव्हती.

बाहेर मल्हारची आरोळी ऐकू आली, मग शीळ, मग डबा बडवल्याचा आवाज. त्याची माणसं ओरडत कुंपणाच्या कडेनं धावली. कुत्र्यांचा आवाज गडाच्या दिशेनं लांब गेला आणि हळूहळू थांबला. एक मेंढरू ओरडलं, त्याला दुसऱ्यानं उत्तर दिलं. मग सगळं शांत झालं.

आण्णा अजून उभेच होते, दाराकडं तोंड करून. मी त्यांचा हात धरावा का असा विचार करत होते. पण त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. आणखी थोडा वेळ कान देऊन ऐकलं, मान हलवली आणि सावकाश पाटावर बसले, ह्या वेळी मधोमध. पडलेला घास उचलून तोंडात टाकला आणि ताट जवळ ओढलं.

"वाढा अक्का," ते म्हणाले. "दूध आसंल तर थोडं घाला."